कानबाई बोळवेपर्यंत

बायकोला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावच्या एका जिनात काट्यापाशी उभा होतो. मी तिथे तोलार होतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कापसाच्या गाड्या यायच्या, मी वजन पुकारायचो आणि दिवाणजी लिहून घ्यायचा. आमच्या गावचा एक गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "भाऊ, तुनी मायनी निरोप धाडा शे. सूनबाईले उलट्या व्हई राहिन्यात, घर ये." मी बरं म्हणालो आणि पुढच्या गाडीचं वजन पुकारलं. ते आधीच्याच गाडीचं होतं. दिवाणजी चिडला, शेतकरी त्याहून चिडला, आणि मी दोघांकडे बघून हसत सुटलो. एरवी मी रागीट माणूस, पण त्या दिवशी मला कोणी थोबाडीत मारली असती तरी मी हसलोच असतो.

हसण्यासारखंच होतं. आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल होणार नाही हे गावानं ठरवून टाकलं होतं.

माझी बायको जळगावात वाढलेली. तिचं बोलणं पुस्तकासारखं शुद्ध, त्यामुळे माझी माय तिला 'शाळामास्तरीण' म्हणून चिडवायची. आमचं गाव भडगावच्या खाली, गिरणेच्या काठावर. तिथे आल्यावर पहिल्या वर्षापासून तिचं एक दुखणं मी पाहत होतो. दर महिन्याला पाळीच्या दिवसांत ती मागच्या पडवीत पोट धरून पडायची. ओठ पांढरे व्हायचे, उलट्या व्हायच्या, आवाज निघू नये म्हणून ती लुगड्याचा बोळा दातात धरायची. त्या दिवसांत तिला शिवायचं नाही असा रिवाज, त्यामुळे तिला धरायलाही कोणी नाही. सगळ्या बायकांना दुखतं, हिचंच कौतुक फार, असं बायकाच म्हणायच्या. मी एकदा पडवीत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं तर गावभर बोभाटा झाला. मग मी चिडून दर महिन्याला घ्यायला लागलो.

शेवटी पोटाला हात लावला की गाठ लागायला लागली, तेव्हा मी तिला धुळ्याला नेलं. तिथल्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोट उघडून गाठ काढली आणि नंतर मला बाहेरच्या बाकावर शेजारी बसवून सांगितलं, "एका बाजूच्या अंडाशयात काकवीसारखं काळं, जुनं रक्त साठलं होतं. महिन्याला जे बाहेर पडायचं त्यातलंच काही आत रुजत होतं. आतडी, पिशवी, सगळं एकमेकांना चिकटलंय. जमेल तेवढं सोडवलं. इतकी वर्षं ही बाई उभी कशी राहिली?" त्या दुखण्याचं एंडोमेट्रिऑसिस हे लांबलचक नाव मला म्हातारपणी कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ती खोटं दुखणं घेत नव्हती, आणि मला गावातल्या एकेकाला गाठून हे सांगावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई आणखी एक बोलल्या. दुसरी बाजू शाबूत आहे, मूल होऊ शकतं. झालं तर मात्र सुईणीचा हात लावायचा नाही, माझ्याकडे आणायचं.

गावानं यातलं काही ऐकलं नाही. गावाच्या मते धुळ्याला पिशवीच काढून टाकली होती.

याचा सगळ्यात जास्त त्रास तिला व्हायचा तो श्रावणात. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपातली कुळदेवी, बसते. भाऊबंदकीतली सगळी घरं एकत्र येतात, घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन जात्यावर दळतात, त्याचे रोट होतात. रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर बोळवतात. आमच्या भाऊबंदकीची कानबाई आमच्याच घरात बसायची. पण घरची सून असून माझ्या बायकोला कोणी त्या गव्हाला हात लावू द्यायचं नाही. ती स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसायची. मी भांडायला उठलो की डोळ्यांनीच मला खाली बसवायची.

अशा बाईला उलट्या होत होत्या! मी जळगावहून मिळेल त्या गाडीनं घरी पोचलो तर माय उंबऱ्यातच उभी. "गावन्या बाया सांगतस ते खरं नई," ती कुजबुजली, "पिशवी शे! पिशवी बठ्ठी जागावर शे!" एवढं बोलून ती मला ढकलून आत गेली, कारण आत पुन्हा उलटीचा आवाज आला होता. तो आवाज मला सनईपेक्षा गोड वाटला हे मी अजूनही शरमेशिवाय सांगतो.

पाचव्या महिन्यात मात्र आमची तंतरली. एका सकाळी, काही दुखणं नाही खुपणं नाही, आणि लुगडं रक्तानं भिजलं. धुळ्याला जाईपर्यंत रक्त थांबलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "वार वर असायला हवी ती खाली, पिशवीच्या तोंडाशी बसलेली दिसते. मुलाच्या वाटेवरच आहे. कळा सुरू झाल्या तर रक्त थांबणार नाही. पोट उघडूनच मूल काढावं लागेल, आणि एकदा उघडलेल्या या पोटात आत काय काय पुन्हा चिकटलंय ते उघडल्यावरच कळेल." मी विचारलं, दोघं वाचतील ना? त्या म्हणाल्या, "आषाढापासून तिला इथे दवाखान्याजवळ आणून ठेवा. पलंगावरून उठवू नका. मग मला विचारा."

आषाढात आम्ही धुळ्याला एक खोली घेतली. माय तिच्याजवळ राहिली. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या आणि चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. मी शेत सांभाळून जा-ये करायचो, आणि दर वेळी हातात काहीतरी घेऊन जायचो. खुळखुळा, टोपरं, पुन्हा टोपरं. माय कपाळावर हात मारायची. जन्माआधी काही आणू नये म्हणायची आणि मी गेल्यावर तेच टोपरं उशाशी ठेवायची. बायको पलंगावर पडल्या पडल्या आम्हा दोघांची मजा बघायची. पोटात लाथ बसली की ती बोलणं अर्धवट सोडून हात वर करायची, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि पुढच्या लाथेची वाट बघायची. असा आनंद मी त्याआधी कधी घेतला नव्हता आणि त्यात भीती होती म्हणून तो कमी झाला असंही नाही.

नागपंचमी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "कानबाईला तुम्ही घरी जायचं."

"मी इथून हलत नाही."

"ऐका तर. समजा त्याच दिवसांत काही झालं. मूल झालं की भाऊबंदकीला सोयर लागेल, आणि सोयरात कानबाई बसत नाही. बसलेली असली तर उठवतील. मला आजवर म्हणाले ते म्हणाले. पण हिच्या पोरानं जन्मतःच कानबाई मोडली असं कुणी म्हणता कामा नये. माझ्या पोराला एक शब्द ऐकायला लागता कामा नये." मग माझा हात तिनं इतका घट्ट धरला की हाडं दुखावीत. "शपथ घ्या माझी."

डॉक्टरीणबाईंच्या हिशोबानं बाळंतपणाला अजून महिनाभर होता. मी शपथ घेतली आणि घरी आलो.

आमच्या लोकांत सोयर-सुतकाला एक पळवाट आहे. ते घडल्यापासून लागत नाही, कळल्यापासून लागतं. ज्याला कळलं नाही तो मोकळा. ही पळवाट किती उपयोगी आणि किती जीवघेणी असते ते मला त्या शनिवारी समजलं.

शनिवारी दुपारी घरात जाती फिरत होती. धुळ्याहून येणारी मोटार पलीकडच्या काठापर्यंतच यायची, तिथून होडीनं अलीकडे यायचं. त्या मोटारीचा ड्रायव्हर एक मुसलमान गृहस्थ, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. तो स्वतः होडीनं आमच्या अंगणात आला. त्यानं डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि मायचा निरोप पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. "आज सकायले रगत सुरू व्हयनं. थांबनं शे, पन डॉक्टरीणबाई आते वाट देखाव नई. रविवारले सकाय पोट उघडतीन. आनि मायनी सांगा, कानबाई बोळावल्यावर मी स्वतः ईसन सांगसू. तोपावत कोनी यावानं नई, कोनी इचारानं नई. सूनबाईनंबी हाईच म्हननं शे."

मी चप्पल घालायला धावलो. भाऊबंदकीत सगळ्यात वडीलधारे आबा, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, दारात आडवे उभे राहिले.

"तू गया तं तुले कयी," ते म्हणाले. "आनि तू सोयर लई येशी."

"मी परतच येत नाही! तुमची कानबाई तुम्ही बसवा!"

"घर तुनं शे. गहू तुना हातना शे. तुनी बायकोनी तुले शपथ घालेल शे का नई?"

"आबा, तुम्हाला कानबाई पाहिजे का माझी बायको?"

"माले दोन्ही पाह्यजे," ते म्हणाले. मी त्यांच्यावर जन्मभर खार खाऊन होतो आणि त्या दिवशी मला त्यांच्याशी नीट भांडताही आलं नाही. मी चप्पल फेकून दिली, ती समोरच्या गोठ्यात पडली.

रविवारी कानबाई बसली. मी जे सांगतील ते करत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं: आता उघडलं असेल पोट. आता काढलं असेल. आठव्या महिन्याचं मूल टिकत नाही असं सगळे म्हणतात, ते बायका माझ्यासमोर बोलत नव्हत्या म्हणून मला जास्त ऐकू येत होतं. खरं म्हणजे त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं. चुकून काही कळलं तर काय घ्या! जो भेटेल तो कापसाचं बोलायचा, हिटलरचं बोलायचा आणि सटकायचा. एक चुलती तर मला येताना बघून कानात बोटं घालून माजघरात पळाली.

दुपारी मोटारीची वेळ झाली तशी मी कोणाला न सांगता होडीनं पलीकडे गेलो. शपथ धुळ्याला न जाण्याची होती, मोटार न बघण्याची नव्हती. चाचाची मोटार पिंपळाखाली उभी होती आणि चाचा मोटारीखाली. नुसते पाय बाहेर.

"चाचा!"

"काम करी राहिनू भाऊ."

"चाचा, बाहेर या. नुसतं तोंड दाखवा."

"तोंड नई दाखाडाव!" आतून आवाज आला. "तुनी मायनी कसम घालेल शे. मी काहीच देखं नई, काहीच आयकं नई. तू जाय भाऊ, तुना पाय पडस."

मी गुडघ्यावर बसून खाली वाकलो तर त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चांगली बातमी असती तर माणूस तोंड कशाला झाकेल? सांगायचं नसेल तर नसेल, पण निदान नजरेनं तरी धीर दिला असता! मी तिथेच पिंपळाच्या मुळावर बसलो. होडीवाला हाका मारायला लागला तेव्हा उठलो. संध्याकाळी पानात रोट, खीर, आमटी, सगळं वाढलं गेलं. रोट टाकायचा नसतो, म्हणून मी तो पाण्याबरोबर गिळला. ती रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही.

सोमवारी सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. पुढे डफ, मागे कानबाईचा पाट डोक्यावर घेतलेली माझी चुलती, तिच्या मागे गाणाऱ्या बायका. नदीवर जाईपर्यंत पावलोपावली फुगड्या. लवकर चला म्हणून मी दोनदा ओरडलो, तर बायकांनी मुद्दाम आणखी एक फेर धरला. वाळवंटात पोचलो आणि मला पलीकडच्या काठावर मोटार दिसली. मोटारीतून माय उतरली.

नदी फार रुंद नव्हती, पण चेहरा वाचता येईल एवढी अरुंदही नव्हती. तिनं पांढरं लुगडं नेसलेलं. ते ती नेहमीच नेसायची, वडील गेल्यापासून. मी पाण्याच्या कडेला धावलो. "माय!"

"बोलू नको!" आबा मागून गरजले. ते मला म्हणाले का मायला, कोण जाणे. "कोनी बोलानं नई! कानबाई अजून पानीमा गयी नई!"

माय बोलली नाही. ती नुसती उभी राहिली. अलीकडे गाणं चालूच होतं, बायका गोल धरून होत्या, डफ वाजत होता. मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे बघतेय, आणि मला वाटलं की आता माझं काळीज फुटून मी इथेच पडणार.

तेवढ्यात तिनं पदर खोचला. एक हात कमरेवर ठेवला, दुसरा वर केला, आणि माझी माय पलीकडच्या वाळूत एकटीच नाचायला लागली!

तरुणपणी भाऊबंदकीत तिच्यासारखी फुगडी कोणाची नव्हती म्हणे. पण वडील गेल्यावर तिनं कधी पाय उचलला नव्हता. विधवेनं कानबाईपुढे नाचायचं नसतं. आता ती नाचत होती ती कशी! अलीकडच्या डफावर, ताल धरून, गुडघे दुखतात हे विसरून. गिरकी घेताना पडता पडता सावरली आणि पुन्हा सुरू. मोटारीपाशी चाचा टाळ्या वाजवत होता, आणि आज त्यानं तोंड झाकलेलं नव्हतं.

अलीकडच्या बायकांचं गाणं क्षणभर थांबलं. मग सगळ्यांनी एकदम वरच्या सुरात उचललं. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो ते मला माहीत नाही. एक म्हातारा भाऊबंद म्हणाला, "आबा, कयनं ना! सोयर लागनं!"

"काय कयनं?" आबा त्याच्या अंगावर गेले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बाई नाची राहिनी. नाचानं सोयर ऱ्हास का? तुले काय कयनं, पोऱ्या का पोर? माले तं काहीच कयनं नई! उचला, कानबाई उचला, बेगीन!"

तशी घाईची बोळवण आमच्या गावात आधी झाली नव्हती आणि नंतर झाली नाही. चुलती कमरेएवढ्या पाण्यात जवळजवळ पळतच गेली. कानबाई पाण्यात गेली, आबांनी दोन्ही हात वर केले, आणि माय पलीकडून सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली, "पोर व्हयनी! दोन्ही चांगल्या शेतस! दोन्ही!"

होडीची वाट कोण बघतो! मी कपड्यांसकट पाण्यात शिरलो आणि छातीएवढ्या पाण्यातून धडपडत, दोन घोट पीत, पलीकडे निघालो. माय मला मारत होती आणि मिठी मारत होती. मोटारीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. पोट उघडल्यावर आत जुन्या जखमेशी सगळं पुन्हा चिकटलेलं निघालं, पिशवीपर्यंत हात पोचायलाच वेळ लागला. रक्त फार गेलं. मूल आधी रडेना. डॉक्टरीणबाईंनी पाय धरून उलटं केलं, पाठ चोळली, आणि मग दाराबाहेर उभ्या असलेल्या मायला आवाज ऐकू आला. तिला हंबरडा फोडावासा वाटला, पण धुळ्याला आमच्याकडची माणसं असतात, म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला. चाचा निरोप घ्यायला आला तेव्हा त्यानं तिचं तोंड बघूनच ओळखलं. "आनि मन्ह तोंडबी तसंच शे भाऊ," चाचा मोटार चालवता चालवता म्हणाला, "काहीच लपत नई. म्हनीसन मोटारखाल घुसनू." मी त्याला मागून शिवी दिली. ती मायेची होती आणि त्याला ते समजलं.

दवाखान्यात बायकोजवळ तिची जळगावची आई बसली होती, ती मला बघून उठून बाहेर गेली. बायको भिंतीसारखी पांढरी पडली होती. पोटावर जाड पट्टा, अंगात ताप, आवाज फाटलेला. शेजारी कापसात गुंडाळलेली एक मूठभर गोष्ट होती, तिला टोपरं डोळ्यांवर येत होतं. मी आधी कोणाकडे बघावं ते मला कळेना.

"कानबाई बोळवली?" तिनं विचारलं.

"बोळवली."

"आधी?"

"आधी. आबांनी स्वतः बघितलं. कोणी एक शब्द बोलू शकत नाही."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी अजून ओल्या कपड्यांतच होतो, पलंगावर टेकलो नाही, नुसता उभा राहिलो. शपथ पाळली म्हणून मला थोडा अभिमानही वाटत होता, तोही सांगून टाकतो.

"मला आत नेताना," ती डोळे न उघडता म्हणाली, "मी दाराकडे बघत होते."

"तूच तर शपथ घातलीस."

"हो. आला असतात ना, तर मी फार रागावले असते." तिनं बोटं सरकवून माझं मनगट धरलं. "पण बरं वाटलं असतं."